टॅपेटची फट

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या डोक्यावर टेकवून ग्रंथपालाने त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. टिकटिक वरूनच येत होती, खाली पिस्टनकडे सगळं ठीक होतं. म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट. इंजिन गार झाल्यावर त्याने झाकण उघडलं आणि दोन्ही स्क्रू पिळले. किती पिळायचे ते पुस्तकात दिलं होतं, पण आवाज राहायलाच नको म्हणून त्याने आणखी पिळले.

जुनी मोटरसायकल मांजरीसारखी गुरगुरायला लागली. टिकटिक नाही.

"ऐकलंस?" तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून म्हणाला. "एकदम गप्प!"

"हो," बायको म्हणाली आणि खिडकीतून बाजूला झाली.

नोकरीभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आणखी काय हवं? घरही हल्ली शांत होतं. मागे मेहुणीकडे जेवताना तो भर पंगतीत म्हणाला होता, "गाडीचा आवाज बंद करायचा स्क्रू मला सापडेल हो, हिचा कुठे असतो तेवढं सांगा." मेहुण्या पोट धरधरून हसल्या. बायकोही हसली. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'वाढलंय' एवढ्यावर आलं. एरवी दूधवाल्यापासून जगाच्या अंतापर्यंत तिचा पट्टा चालू असायचा. ग्रंथपालाला वाटलं, चला, उशिरा का होईना, हिला समज आली. जन्मभर पुस्तकांत बसून माणूस शहाणा होतो म्हणतात. होत असेल बापडा.

पुढच्याच आठवड्यात गाडी भर चौकात बंद पडली. किक मारली तर पाय भसकन खाली गेला, जोरच लागेना. ढकलत ढकलत, घामाघूम होऊन त्याने ती मिस्त्रीच्या गॅरेजात आणली.

मिस्त्रीने हाताने किक दाबून पाहिली. मग चहा मागवला.

"अहो, बघताय ना?"

"तापलंय. गार होऊ द्या. टॅपेट कुणी पिळले?"

"मीच. फार टिकटिक करत होते."

"मग करू द्यायची होती!" मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला. इंजिन निवल्यावर त्याने झाकण काढलं आणि फट मोजायची एक पातळ पत्ती टॅपेटखाली सारायला घेतली. पत्ती आत जाईना. "हे बघा. केसाएवढीसुद्धा जागा ठेवली नाहीत. लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा नको? व्हॉल्व्ह धड मिटतच नाही. वरून सगळं गुपचूप, आणि आत जळतंय."

"पण आवाज—"

"वाजणाऱ्या टॅपेटला मी कधी घाबरत नाही, साहेब. एकदम गप्प झालं की घाबरतो."

ग्रंथपालाच्या हातातला चहा तसाच राहिला. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"व्हॉल्व्ह जळला असेल?" त्याने विचारलं.

"सैल करून बघू. किक जड लागली तर वाचला. नाहीतर इंजिनचं हेड खोलावं लागेल."

मिस्त्रीने स्क्रू सैल केले, पत्ती अलगद आतबाहेर करून पाहिली आणि बाजूला झाला. ग्रंथपालाने किकवर पाय ठेवला. दाबायला त्याला भीती वाटत होती. मग त्याने अंगाचा भार टाकला. किक जड लागली. इंजिन सुरू झालं, टिकटिकत.

"नशीबवान आहात," मिस्त्री म्हणाला.

घरी आला तेव्हा बायको भाजी निवडत होती. त्याने ऑइलचे काळे हात तिच्या नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलला पुसले. मुद्दाम, तिला दिसेल असे, दोन्ही बाजूंनी. एरवी यावर निदान अर्धा तास व्याख्यान झालं असतं. तिने टॉवेलकडे पाहिलं, उठून कपाटातून दुसरा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.



"अगं," तो म्हणाला, "त्या दिवशी पंगतीत मी बोललो ते... फार वाईट बोललो मी."

ती देठ मोडत राहिली. एक जुडी संपली, तिने दुसरी सोडली. तो टॉवेल धरून तसाच उभा होता. बाहेरून टिकटिक ऐकू येत होती.

"गाडी चालूच ठेवलीत," ती खाली बघत म्हणाली.

"हो का?"

"हो का काय? पेट्रोल फुकट मिळतं का?"

तो लगबगीने अंगणात गेला. किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही. आतून आणखी काही येतंय का, म्हणून तो कान देऊन उभा राहिला.

"आणि तो टॉवेल!" आतून आवाज आला. "तो कोण धुणार, तुमच्या मेहुण्या? तेव्हा मोठं हसू येत होतं सगळ्यांना! मला काय वाटलं असेल, ते एकालाही..."

ग्रंथपालाने हळूच किल्ली फिरवली.