पुसलेलं नाक

बाजारातून आणलेली मेंढी आठ दिवस वेगळी बांधावी, एवढं शहाणपण कुशाबाईला होतं. पण शहाणपणाला जागा लागते. न्हावऱ्यात हौसराव या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात लेंडीखतासाठी तिच्या आणि सोबतीण बानूबाईच्या मेंढ्या एकत्र बसल्या होत्या, आणि दोघींत जाळीचं कुंपण एकच होतं. घोडनदीच्या बाजारातून आणलेली मेंढी तिनं बानूबाईला न सांगता कोकरासकट आपल्या मेंढ्यांत सोडली. पाचव्या दिवशी, बानूबाई कळप चारायला गेली असताना, ती खोकून खोकून मेली.

ज्याचं जनावर आजारी, त्यानं बिऱ्हाड उचलून वेगळं व्हायचं, हा धनगरांचा रिवाज. कुशाबाईला नवरा नव्हता. एकटीनं रानात वस्ती करायची म्हणजे लांडग्याला आवतण. मग तिनं ठोकून दिलं, "कोवळी ज्वारी खाल्ली आन् फुगली."

बानूबाईनं विश्वास ठेवला. एवढंच नाही, तर म्हणाली, "कोकरू आण हिकडं. माझ्या मेंढीला दूध उतू चाललंय. उपाशी मारतीस व्हय त्याला?"

रोज दिवस कलला की बानूबाई मेंढी गुडघ्यांत धरायची आणि कोकरू लुचायला लावायची. तिसऱ्या दिवशी कोकराचं नाक वाहू लागलं. कुशाबाई बाभळीआड गेली, पदरानं नाक स्वच्छ पुसलं आणि मग ते घेऊन आली. एकदा पुसलं, दोनदा पुसलं, मग तो नेमच झाला. एवढासा शेंबूड, पोरांना येत नाही का, अशी ती मनाची समजूत घालायची. मन काय, लगेच हो म्हणायचं.

कोकरू तगलं. बानूबाईची मात्र एकेक करत अकरा कोकरं गेली. डोळे चिकटलेले, नाकाशी फेस, भाता चालल्यासारखा श्वास. दूध देणारी ती मेंढीसुद्धा गेली.

शिरूर आणि दौंडकडच्या कळपांमधल्या या रोगाची पाहणी करायला सरकारी डॉक्टरीण आली. गौतमी तिचं नाव, दौंडची पोर. तिनं मेंढ्यांचं रक्त काढून घेतलं आणि कागद मांडीवर घेऊन विचारलं, "मावशी, हा रोग श्वासातून, नाकाच्या पाण्यातून पसरतो. कळपात बाहेरचं जनावर आलं होतं का?"

"न्हाई बाई," बानूबाई म्हणाली.

"दुसऱ्याचं कोकरू तुमच्या मेंढीला पाजलं?"

"हिचं पाजलं की. पर ते घरचंच. त्याची आई ज्वारीनं मेली." बानूबाईनं कपाळाला हात लावला. "दोष माझाच हाय. बिरोबाला बोललेला नारळ राहिला माझा. जागा बाधली. उद्या कळप घिऊन दौंडकडं भावाच्या वाड्यात जाते."

भावाच्या वाड्यात नुकतीच व्यालेली खंडीभर मेंढरं होती. कुशाबाईला ते ठाऊक होतं. गौतमीनं कागदावर 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," कुशाबाई म्हणाली. "ल्हिऊ नका. मेंढी बाजारची व्हती, डाक्टरीणबाई. खोकून मेली. आन् कोकराचं नाक मी पुसून आणत व्हते. रोज." मग ती बानूबाईकडे वळली. "आक्का, भावाकडं जाऊ नगंस. तुझा नारळ न्हाई गं, मी हाय."

गौतमीनं कागदावर 'हो' लिहिलं. कळप महिनाभर हलवायचा नाही, असं बजावून ती शेजारच्या वस्तीकडे निघाली.

बानूबाई शिव्या देईल, तोंडात मारेल, पंचांपुढे उभं करेल, याची कुशाबाई वाट पाहत राहिली. तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. कोकरू सवयीनं बानूबाईच्या लुगड्याला ढुशा देत होतं. तिनं त्याला बाजूला सारलं नाही, की जवळही घेतलं नाही.

"सांगितलं असतंस," बानूबाई म्हणाली, "तर हाकलली असती व्हय तुला मी? पल्याडच्या बांधाला बिऱ्हाड टाकलं असतंस, माझ्या हाकंच्या अंतरावर."

कुशाबाईनं पुढं होऊन कोकरू मागं ओढलं.

"आन् दूध वाटीत काढून दिलं असतं की गं."