सुकऱ्याबाबांची खुंटी

"दोर सोड! अगं सोड ना, मला काय इथेच बांधून ठेवतेस?" पप्पा साठ फुटांवरून खेकसले. मी हातभर दोर सोडला. चामटोलीमागच्या या काळ्या कड्यावर त्यांचा जीव माझ्या हातात असतो, पण ओरडायचा हक्क मात्र त्यांचाच.

पप्पा म्हणजे महेंद्र, वय चोपन्न, बुवापाड्यातले लेथ ऑपरेटर. बावीस वर्षं सुट्टी मिळाली की ते या कड्यावर. कातळाला हातोडा लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. लेथवर स्वतः घडवलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे, म्हणजे चॉक, फटीत अडकवायचे, त्यांत दोर ओवायचा आणि जाताना सगळे काढून न्यायचे. आई म्हणते, "त्या फटीला निरखतात तेवढं मला बघायला आले तेव्हासुद्धा निरखलं नव्हतं."

आजची चढाई मात्र प्रायश्चित्ताची होती. गेल्या हिवाळ्यात पप्पांनी कड्याचा फोटो मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. फटीवर लाल रेघ मारून वर लिहिलं, 'इथे आजवर माणूस चढलेला नाही.' महिन्याभरात कुणी अनोळखी पोरं ड्रिल घेऊन आली आणि कातळात चार बोल्ट ठोकून गेली. कड्याच्या पायथ्याशी आदिवासी वाडीचा शेंदूर लावलेला देव आहे, आणि अख्खा कडा म्हणजे त्याचंच अंग. वाडीने कडा सगळ्यांनाच बंद केला, बावीस वर्षं त्यांची भाकरी खाल्लेल्या पप्पांनाही. पप्पांनी फोटो काढून टाकला, पण बैल गेला नि झोपा केला. तेव्हापासून ते रविवारी घरातच चॉक पुसत बसायचे. मला बघवत नव्हतं.

शेवटी वाडीतल्या जिवलीआजी म्हणाल्या, "खिळं काढ. मंग बघू."

त्या आता माझ्याच शेजारी दगडावर बसून, कपाळावर हात धरून वर बघत होत्या. त्यांचे मालक सुकऱ्याबाबा या कड्यावरचा मध काढायचे. ते मागच्या वाटेने माथ्यावर जाऊन वरून उतरत असणार, असं पप्पा धरून चालले होते. पप्पांची धडपड बघत बाबा खाली बसायचे आणि नुसते हसायचे. त्यांना जाऊन सात वर्षं झाली.

"चौथा निघाला!" पप्पा ओरडले. दगडाची भुकटी डिंकात कालवून त्यांनी भोक बुजवलं. आता त्यांच्या डोक्यावर जेमतेम पंधरा फूट फट आणि मग माथा. बावीस वर्षांत ते इतक्या वर कधी पोचले नव्हते.

"पप्पा, आजी फक्त खिळे म्हणाल्यात हं."

"माहितीये गं. बघतोय नुसता." ते एका पायावर उंच झाले आणि तसेच थांबले. दीक्षाभूमीवर पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हा ते असेच मान वर करून उभे राहिले होते.

"भावना, इथे खुंटी आहे."

"काय?"

"लाकडाची. फटीत पाय ठेवायला नुसत्या हाताने बसवलीय, ठोकल्याची खूणसुद्धा नाही. बिनबुटाचा, बिनदोराचा माणूस इथवर आला होता गं!"

जिवलीआजी ताडकन उभ्या राहिल्या. "खैराची हाय का, इचार. दोन खाचा हायेत का?"

मी ओरडून विचारलं. "आहेत! दोन!" वरून उत्तर आलं.

आजी हळूच खाली बसल्या. "माझ्या म्हाताऱ्याचीच ती. सगल्या खुंट्या काढून आनायचा, येक बी ठेवायचा नाय. त्या दिशी माश्या उठल्या, येक वरच राह्यली. मंग गुडघं गेलं. मरताना बी तेच, जिवले, देवाच्या अंगात माझा काटा राह्यला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आमच्यात ज्याची खुंटी त्यानंच काढायची. पन आता त्यो कुठनं येनार? काढ म्हनावं."

मी निरोप दिला. चार बोल्ट बेधडक उपटणारे पप्पा घुटमळले. "आजीला विचार, माझा हात चालेल का?"

"खिळं काढलं ते हात कुनाचं व्हतं?" आजी म्हणाल्या. "चालंल."

पप्पांनी शेजारी चॉक अडकवला, खुंटी इकडून तिकडून हलवत अलगद सोडवली आणि शर्टात घातली. माथा पंधरा फुटांवर होता. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "उतरव मला."

खाली आल्यावर त्यांनी खुंटी दोन्ही हातांनी आजींच्या ओंजळीत ठेवली. आजींनी ती हुंगली, गालाला लावली.

"आजी, मी जगाला सांगत सुटलो, इथे कुणी चढलं नाही म्हणून," पप्पा म्हणाले. "सुकऱ्याबाबांनी एकदा तरी सांगायचं होतं मला."

"त्यो कशाला बोलंल? मोहोळाची वाट कुनाला सांगत्यात व्हय?"

पप्पांनी कमरेचा दोर सोडला. कडा उघडा कराल का, हे विचारायचा त्यांना धीर होईना आणि मलाही. मी दोर गुंडाळायला लागले.

आजी अजून वर बघत होत्या. "तुझं बी येक राह्यलं की रं वर."

शेवटचा चॉक. त्याच्याच आधाराने पप्पा उतरले होते, तो सोडून येणं भागच होतं. "हो आजी," पप्पा अपराध्यासारखे म्हणाले.

"मंग काढाय यावं लागंल तुला. ज्याचं त्यानंच काढायचं."

खुंटी कनवटीला खोचून त्या वाडीकडे चालू लागल्या. पप्पा तिथेच उभे होते, मान वर करून. वर फटीत तो चॉक उन्हात चमकत होता.