भोंग्याचं पहिलं मत

त्याचं खरं नाव विचारलं असतं, तर निम्म्या वस्तीला सांगता आलं नसतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. जुना टेम्पो, त्यावर दोन कर्णे, आणि आत माईक धरून बसलेला हा. उद्या पाणी येणार नाही, अमुक दुकानात पडदे स्वस्त मिळतायत, कुणाच्या तरी किल्ल्यांचा जुडगा सापडलाय, असं सगळं तो गल्लोगल्ली ओरडत फिरायचा. आवाज असा खणखणीत, की बायको म्हणायची, "त्या कर्ण्यांना उगाच कामाला लावलंय. त्यांना घरी बसवा."

बायको फोटो काढायची. नाक्यावरच्या स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. दोघांनी पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं होतं आणि त्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. त्यामुळे एकमेकांविषयी नवं काही ना काही रोज कळत होतं.

राज्याची निवडणूक जाहीर झाली, आणि निवडणूक कार्यालयानं भोंग्यालाच काम दिलं. यादीत नाव नसेल तर नोंदवून घ्या, मुदत संपत आली आहे, असं सांगत फिरायचं. गडी रंगात आला. "अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर आळस सोडा! तुमच्या एका मताला राजाच्या मताइतकंच वजन आहे! नाव नाही, तर मत नाही, आणि मत नाही, तर मग पाच वर्षं कुरकुर करायची नाही!" हे शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं. कार्यालयाच्या कागदात ते नव्हतं.

एका दुपारी बायको डबा घेऊन टेम्पोपाशी आली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"आधी खाऊन घ्या. घसा बसेल."

त्यानं माईक मांडीवर ठेवला आणि डबा उघडला. बटण बंद करायचं राहून गेलं.

"अहो, तुमचं मतदान कुठल्या केंद्रावर असतं?" तिनं विचारलं. "माझं त्या मुलींच्या शाळेत असतं. बरोबर जाता आलं तर बरं."

"माझं कुठेच नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे यादीत नावच नाही माझं. आयुष्यात कधी मत दिलं नाही मी."

शब्द दोन्ही कर्ण्यांतून बाहेर पडले आणि चार गल्ल्यांवर पसरले. न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबला. कपडे वाळत घालणारी एक बाई गॅलरीतून ओरडली, "अहो भोंगाभाऊ, बटण!"

त्यानं घाईघाईनं बटण दाबलं, पण गल्लीत हशा पिकला होता. न्हावी दारात येऊन म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आता कुरकुर करायची नाही बरं का पाच वर्षं!"

भोंग्याचे कान लाल झाले. तोही हसला, पण बायकोनं त्याच्या हातातला घास तसाच राहिलेला पाहिला. तिनं काच वर केली.

"काय झालं होतं?"

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील तंबूत सिनेमा दाखवायचे. आज या गावात, उद्या त्या गावात. त्याचा जन्मही असाच कुठेतरी वाटेवर झालेला. पुढे त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला आणि त्यातच झोपायला लागला. पंचविशीत एकदा तो नाव नोंदवायला गेला होता. कारकुनानं विचारलं, राहता कुठे? त्यानं खिडकीतून टेम्पो दाखवला. "गाडीचा नंबर म्हणजे पत्ता नव्हे," असं कारकून म्हणाला आणि रांगेतले सगळे हसले. "मीही हसलो," भोंगा म्हणाला. "पण परत काही गेलो नाही."

बायकोनं काच पुन्हा खाली केली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आता आहे की पत्ता. दारावर माझ्या नावाखाली तुमचं नाव रंगवून घेतलंय, ते काय शोभेला? चला, फोटो काढू."

फोटोला मात्र तिचा अर्धा दिवस गेला. भोंग्याला तोंड मिटून बसणं माहीतच नव्हतं. बटण दाबायच्या नेमक्या क्षणाला तो काहीतरी बोलायचा. एका फोटोत तोंड उघडं, एकात डोळे मिटलेले, एकात दोन्ही.

"अहो, गुळणी धरल्यासारखे बसा!" ती वैतागली. त्यानं खरंच तोंडात पाणी धरलं. गाल फुगलेला तो फोटो तिनं स्वतःसाठी ठेवून घेतला आणि त्यानंतरचा, हसू आवरतानाचा, अर्जाला लावला.

कार्यालयात या वेळी एक तरुण मुलगी बसली होती. तिनं भाडेकरार पाहिला, बायकोचं मतदार ओळखपत्र पाहिलं आणि जन्माचा दाखला मागितला. तो नव्हता. भोंगा उठायलाच लागला, तर बायकोनं त्याचा सदरा धरून खाली बसवलं.

"बसा हो काका," मुलगी म्हणाली. "तुम्ही अठराच्या वरचे आहात हे मला दिसतंय. वयाचं तुमचं तुम्हीच लिहून द्या, सही करा. आमचे गुरुजी घरी येऊन चौकशी करतील. शेजारीपाजारी ओळखतात ना तुम्हाला?"

बायकोला हसू फुटलं. "ओळखतात का म्हणजे!"

गुरुजी आले ते रविवारी सकाळी. शाळेतले शिक्षक, निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, बिचारे घामाघूम. त्यांनी जिन्यातच पहिला प्रश्न टाकला, "हे गृहस्थ इथेच राहतात का?" आणि तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली.

"राहतात? आमची झोपमोड कोण करतं मग?"

"आमच्या बाळाचा पहिला शब्द 'सूचना' होता, गुरुजी! यांच्यामुळे!"

तळमजल्यावर एक म्हातारे वादक राहायचे, त्यांना दिसत नसे. ते काठी टेकत बाहेर आले. "मी चेहऱ्याची साक्ष देऊ शकत नाही," ते म्हणाले. "त्यांना काहीतरी बोलायला सांगा."

भोंगा नेमका तेव्हाच गुरुजींसमोर बुजला. "नमस्कार आजोबा," एवढंच तो पुटपुटला.

"हा नव्हे तो," म्हातारबुवा ठामपणे म्हणाले.

गुरुजींची लेखणी थांबली. बायकोनं कोपरानं ढोसलं. "अहो, नीट बोला, नाहीतर जाल परत टेम्पोत!"

भोंग्यानं छाती भरून श्वास घेतला. "नागरिकांना कळवण्यात येतं की मी इथेच राहतो!"

जिन्यातली कबुतरं उडाली. "हाच!" म्हातारबुवा काठी आपटून म्हणाले. "लिहा गुरुजी, हाच." गुरुजींनी हसत हसत लिहून घेतलं आणि दोन घरांचा चहा पिऊनच त्यांना सुटता आलं.

यादी लागली तेव्हा दोघं शाळेच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बायकोच्या नावाखालीच त्याचं नाव छापलं होतं. तो नुसताच त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. मागचे लोक कुरकुरायला लागले, तेव्हा कुठे हलला.

मतदानाच्या दिवशी त्यानं लग्नातला सदरा घातला. प्रचार थांबलेला, कर्णे उतरवून ठेवलेले, रस्ते कसे शांत होते. आंधळ्या वादकांना मधे घेऊन तिघं रांगेत लागली. भोंगा रांगेतल्या सगळ्यांना समजावत होता: ओळखपत्र हातात ठेवा, आधी यादीत नाव बघतील, मग सही, मग बोटाला शाई, मग मतपत्रिका, शिक्का एकाच चौकोनात, घडी उभी घाला म्हणजे डाग दुसरीकडे उमटत नाही. सगळं तोंडपाठ! लोकांनीही ऐकून घेतलं.

पण आत गेल्यावर, शाई लावून झाल्यावर आणि मतपत्रिका हातात आल्यावर, त्याला काही म्हणजे काही आठवेना. पडद्याआड तो उभा होता. हातातला शिक्का त्यानं उलटसुलट करून पाहिला. आणि सवयीनं, आपल्या नेहमीच्या आवाजात, त्यानं विचारलं,

"यावर शिक्का मारायचा ना?"

सगळी खोली दचकली. केंद्राध्यक्ष बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काका, हळू! गुप्त मतदान आहे. कुणावर ते बोलू नका!"

"नाही, नाही बाई, कुणाचं नाव नाही घेतलं!" हेही तितक्याच मोठ्यानं. रांग हसली, पोलीस हसला, बायको पदरात तोंड लपवून हसली.

मग पडद्याआड शांतता पसरली. शिक्का टेकवल्याचा टप् असा बारीक आवाज आला. भोंग्यानं घडी घातली, उभीच, आणि दोन्ही हातांनी, जणू तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसा, तो कागद पेटीत सोडला. बाहेर आल्यावर बराच वेळ तो शाईच्या बोटावर फुंकर घालत होता. ती केव्हाच वाळली होती.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो गोळ्यांची पिशवी घेऊन दारोदार फिरत होता. न्हाव्यानं हात पुढे केला. "म्हणजे तुमचा निवडून आला वाटतं?"

"छे! सपाटून पडला."

"मग गोळ्या कसल्या वाटताय?"

"मोजलं ना माझं मत," भोंगा म्हणाला. "किती पडली ते रेडिओवर सांगितलं. त्यात एक माझं होतं."

"कोण होता हो तो?"

भोंग्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं भुवया उंचावल्या. तिलाही ठाऊक नव्हतं.

"घ्या हो, आणखी एक गोळी घ्या," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला.