रिकामा डावा कोपरा

"मावशी, तो डावा कोपरा तू कायम रिकामा का ठेवतेस?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि पैजेला भोंगा नाही म्हणाली, असं आजवर घडलं नव्हतं. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. मैदानाच्या या टोकाहून बोलली तर त्या टोकाची माणसं मागे वळून बघत, मग दुसरं नाव कशाला हवं?

मावशीचा धंदा साउंडचा. स्पीकर, मिक्सर, वायरींचे भारे घेऊन ती या सभागृहात वर्षानुवर्षं येत होती. तिचा सब म्हणजे कपाटाएवढा काळा खोका. त्यातून फक्त खोल, जाड आवाज निघायचे, कानापेक्षा पोटात ऐकू येणारे. तो ती नेहमी रंगमंचाच्या मधोमध, पुढे ठेवायची आणि तिथे तो पाण्यात भिजलेल्या ढोलासारखा वाजायचा. डाव्या कोपऱ्यात मात्र साधी खुर्चीसुद्धा कोणी सरकवत नसे.

दूध नासलं हे सांगावं तितक्या साधेपणाने मावशी म्हणाली, "एकदा ठेवला होता. प्लग काढला तरी थांबला नाही."

मैत्रिणींच्या तोंडचं पाणी पळालं. भोंगाला उलट चेव आला.

कारण आज मिक्सरवर ती एकटी बसणार होती. शाळेचं नाटक, आवाजाची सगळी जबाबदारी तिची. बाबांनी सकाळीच साफ सांगितलं होतं की आज ते कान उघडे ठेवून बसतील. नुसता हौसेचा गोंगाट निघाला तर वायरी माळ्यावर आणि बाईसाहेब अभ्यासाला. घराण्यात कान फुटलेली एक बाई पुरे आहे, असं आईने आपल्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या नावाने पुढे जोडलं होतं. म्हणजे भिजलेला ढोल आज चालणार नव्हता.

मग भोंगाने मावशीने शिकवलेली उलटी युक्ती केली. सब प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये नेऊन ठेवला, त्यावर एकच खोल सूर लावला आणि स्वतः चार पायांवर भिंतीकडेने रांगत निघाली. जिथे सूर सगळ्यात भरून ऐकू येईल, तिथे सब ठेवायचा. घोडी झाली तरी रांगते, म्हणून मैत्रिणी खिदळल्या. उजवीकडे सूर पातळ, मागे नुसताच घुमणारा. डाव्या कोपऱ्यात आल्यावर तो असा भरून आला की तिच्या दाढा थरथरल्या. मैत्रिणींचं खिदळणंही तिथे पोचेना. आणि इतका मोठा सूर असूनही त्याखाली कोणीतरी श्वास रोखून बसलंय, असं तिला उगाचच वाटलं.

मावशी म्हणाली की कान खोटं सांगत नाहीत, आज मिक्सर तुझा आणि जागाही तुझी. एवढं बोलून ती पार मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

भोंगाने सब कोपऱ्यात ढकलला. मिक्सरची वायर आधी सबमध्ये, तिथून पुढे दोन्ही उभ्या स्पीकरना, म्हणजे खोल आवाज सबने ठेवून घ्यायचा आणि उरलेला वर पाठवायचा. सगळी बटणं शून्यावर आणून मगच वीज. शेवटी सबच्या पाठीमागचा खटका इकडून तिकडे करून पाहिला. एका बाजूला सब आणि स्पीकर एकमेकांचा आवाज गिळत होते, दुसऱ्या बाजूला हातात हात घालून चालत होते. ती बाजू कायम केली आणि अंगठा वर करून मावशीला दाखवला. मावशीने मान फिरवली.

नाटक एका खाणीचं होतं. खाण कोसळते, तेव्हा भोंगाने सरकतं बटण वर नेलं आणि अख्ख्या सभागृहाच्या खुर्च्या हादरल्या. मग संहितेत होती शांतता. सगळे मेले, असं सांगणारी. तिने बटण खाली आणलं.

ठक्. थांबून, ठक्.

तिने खाणीच्या आवाजाचं चॅनेल बंद केलं. मिक्सरचा मुख्य आवाजही शून्यावर नेला. ठोका चालूच. रंगमंचावर खाणकामगाराची बायको झालेल्या मुलीने मान वर केली आणि जमिनीला कान लावला, जे तिला कोणीच शिकवलं नव्हतं.

भोंगा अंधारातून भिंतीकडेने कोपऱ्यापाशी गेली आणि तिने प्लग उपटला. खोक्यावरचा दिवा विझला. जाळीवर तळवा ठेवला, तर आतला पडदा तिच्या हाताला हवेने ढकलत होता, संथपणे.

स्पीकर आणि माईक सख्खी भावंडं, हे मावशीचं आवडतं वाक्य. एक बोलतं, एक ऐकतं, पण वेळ पडली तर कामं बदलून घेतात. सब वाजत नव्हता. सब ऐकत होता. ढकलणारं कोणी दुसरंच होतं, भिंतीच्या पलीकडून.

हात तिथेच राहिल्यावर ठोका थांबला. दाराबाहेर पाऊल वाजल्यावर आतलं माणूस थांबतं, तसा. तिने बोटाने जाळीवर दोनदा टिचकी मारली.

दोन ठोके परत आले.

तेवढ्यात पडदा पडला, दिवे लागले आणि टाळ्यांचा पाऊस.

बाबा खुर्च्या ओलांडतच आले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला तिने निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. शांततेतला तो ठोका, अंगावर काटा आला, असं ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं तुला. कर हे काम, मी आडवा येणार नाही."

हवं होतं ते हातात आलं होतं. गप्प बसलं की झालं. मावशी दाराशी केबल गुंडाळत होती आणि वर बघत नव्हती. तीही कधीतरी अशीच गप्प बसली असणार, हे भोंगाला तिच्या वाकलेल्या मानेवरून कळलं.

"बाबा, तो ठोका मी वाजवला नाही. चॅनेल बंद होतं. प्लगसुद्धा माझ्या हातात होता."

बाबा हसले, मग हसायचे थांबले. आईने तिचा हात धरला. चल घरी, दमली आहेस, असं ती म्हणायला लागली.

भोंगाने हात सोडवून घेतला. जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज इतका हळू होता.

"परवानगी परत घ्यायची तर घ्या. पण मी आत्ता घरी येत नाहीये. कोपऱ्यात बसून ऐकणार आहे, आणि ही भिंत कोणाकडून फोडून घ्यायची ते विचारणार आहे. आत कोणीतरी उत्तर देतंय."