मक्याची कंपनी

अमेरिकेत मी मक्याच्या कंपनीत आहे, असं बापूंना तीन वर्षं सांगत आले. खोटं नव्हतं ते. आम्ही बनवतो त्या बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मकाच असतो. त्या मक्याची पुढे दारू होते, एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि ते मीच राहू दिलं होतं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा गोरेगाव नावाच्या खेड्यापलीकडे. बापू, म्हणजे माझे वडील रूपसिंग, एकेकाळी नुसत्या वासावरून सांगायचे, दारू कुणाच्या भट्टीची आणि पाणी किती घातलंय. पुढे ओळखणं मागे पडलं आणि पिणंच उरलं. मी सातवीत असताना माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सोडली. चौदा वर्षं झाली, थेंब नाही. आणि मी दिवटी पोट भरते ती दारूवरच! लाज वाटायची, स्वतःचा रागही यायचा.

यंदा सुट्टीला आले, तर याडीने, म्हणजे आईने, मला न विचारता बॅग उपसली. साडीच्या घडीतून बाटली निघाली. माझ्या हाताने बनवलेलं पहिलं बर्बन. दाखवायला नव्हतं आणलं, पण मागे ठेवून यायलाही मन झालं नव्हतं.

"हे कोणासाठी गं?" याडीचा आवाज चिरकला.

बापू समोर खाटेवरच होते. ज्या घरातून बाटली एवढ्या मुश्किलीने गेली, तिथे ती मीच परत आणली होती. मी सगळं सांगून टाकलं.

बापू खाटेवर सरसावून बसले. मग त्यांनी तळहात पुढे केला. "टाक एक थेंब."

"बापू, नको."

"पिऊन न्हाई राहिलो. टाक."

याडीने डोळे गच्च मिटले. बापूंनी थेंब दोन्ही हातांवर चोळला आणि नाकाशी नेला. "मका हाय, बराबर. पण हा धूर कशाचा? लाकडाचा न्हाई."

मला हसूच फुटलं. धूर मातीचा होता; दलदलीची जुनी माती वाळवून गवऱ्यांसारखी जाळतात. मक्यात मिसळायचे, मोड आलेले थोडे सातू मी त्या धुरावर सुकवले होते. इतके थोडे, की आमच्या कंपनीतल्या दोघा चाखणाऱ्यांना पत्ताही लागला नव्हता.

"धूर बेतानं घातलास," ते म्हणाले. मग एकदम, "तू पितीस का?"

"चाखते अन् थुंकते. रोज वीस-वीस नमुने. तिथं सगळेच थुंकतात."

"थुंकतीस?"

"व्हय."

बापू हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आमाला एवढंच कुणी शिकवलं न्हाई, पोरी."

मग साबण लावून त्यांनी हात धुतले, दोनदा. याडीने ते हात ओढून हुंगून पाहिले. तेव्हा कुठे तिचा आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाटली बापूंनीच साडीत गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली. "जाताना संगं घेऊन जाय. अन् आता फोनवर मका मका करू नको. कुणी इचारलं तर मीच सांगतो, माझी पोरगी दारू थुंकायचं काम करती."