भुरकमड्याची वंशावळ

केशोराव कारकुनांनी एक शब्द जन्माला घातला, ही गोष्ट केशोराव सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हती. आणि तो शब्द आगबोटीत बसून विलायतेला जाऊन आला, हे पत्र येईस्तोवर केशोरावांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधीचा हा काळ. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून एक कौलारू कचेरी होती आणि तिच्यात केशोराव सतरा वर्षं लेखणी झिजवत होते. वरच्या जंगलसाहेबाला झाडपाल्याचं वेड. वेड किती, तर वाघ समोर आला तरी साहेब आधी वाघाच्या पायाखालचं गवत बघतो, असं लोक सांगत. या साहेबाने एक रजिस्टर धाडलं. दोनशे बारा झाडंझुडपं, आणि प्रत्येकापुढे चार रकाने. लॅटिन नाव साहेब लिहिणार, हिंदी आणि मराठी केशोरावांनी लिहायचं, गोंडी नाव विचारून भरायचं. ताकीद एकच, रकाना रिकामा राहता कामा नये.

विचारायचं कुणाला, तर बिसरामला. जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, राहणारा हा म्हातारा गोंड साऱ्या मुलखाला औषध द्यायचा. केशोराव दोन वर्षं त्याच्यामागे काट्याकुट्यांतून हिंडले, त्यात सात धोतरं फाटली. बिसराम झाडाला हात लावी, नाव सांगी, आणि हे लिहून घेत. दोनशे अकरा नावं अशी अस्सल, जमिनीतून उपटून हातात द्यावी तशी मिळाली. गाडी अडली ती एकाच झुडपापाशी. गुडघाभर उंचीचं, जांभळ्या तुऱ्याचं. त्याची मुळी हगवणीवर चाले. ते दिसलं की म्हातारा गप्प होई. मुळी खणी, फडक्यात बांधी आणि पुढं चालू लागे. तीनदा विचारलं, तीनदा तेच. केशोरावांना वाटलं, याला ठाऊकच नाही.

रजिस्टर पाठवायचा दिवस आला तरी तो रकाना कोराच. तेवढ्यात शेजारीच राहणाऱ्या सासऱ्यांच्या भुरक्या नावाच्या बैलाने खिडकीतून मान आत घातली आणि सरकारी पाकीट चघळायला घेतलं. सासरे म्हणत, भुरक्याला माणसाचं बोलणं समजतं; बाकीचे म्हणत, समजतं म्हणूनच ऐकत नाही. केशोरावांना गोंडी चार शब्द येत, त्यातला एक ‘मडा’, म्हणजे झाड. त्यांनी बैलाकडे पाहिलं, रकान्याकडे पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहून टाकलं: भुरकमडा.

वर्षभराने पत्र आलं. ते झुडूप विद्वानांना नवीनच निघालं होतं आणि विलायतेतल्या पंडितांनी त्याच्या लॅटिन नावात भुरकमडा हा शब्दच बसवला होता. शिवाय साहेबाने त्या शब्दावर सोळा पानांचा निबंध लिहिला होता. भुरक म्हणजे संस्कृतातलं भूर्ज, ज्याच्या सालीवर जुने लोक पोथ्या लिहीत. तेच इंग्रजीत बर्च, तेच जर्मनीत बिर्के, आणि सगळ्यांच्या मुळाशी अर्थ एकच, उजळ, चमकणारं. आता भूर्ज आणि बर्च एका घरचे, यात साहेबाची चूक नव्हती. चूक एवढीच, की त्या खानदानी कुळात त्याने सासऱ्यांचा बैल दत्तक घेतला होता. भूर्ज हिमालयात वाढतं, तेव्हा गोंडांचे पूर्वज कधीकाळी हिमालयाखाली नांदत होते, असं या शब्दावरून सिद्ध होत होतं म्हणे. आणि ज्याने शब्द सांगितला त्या माणसाच्या तोंडून तो ऐकायला साहेब चार दिवसांनी स्वतः येणार होता.

केशोरावांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेजारच्या कचेरीतल्या एका कारकुनाने सागाची झाडं न मोजताच आकडा लिहिला, तर त्याला उभ्याउभ्या घरी धाडलं होतं. आपलीही नोकरी जाणार. त्याहून जिवाला लागणारं हे, की एक नाव खोटं निघालं तर दोनशे अकरा खरी नावंही साहेब चुलीत घालील.

ते तडक टोल्यावर गेले आणि बिसरामपुढे सगळं कबूल केलं. म्हातारा टोपलं विणत होता. बैलाचं ऐकून तो इतका हसला, की बांबूच्या कामट्या हातातून सुटून अंगणभर पसरल्या. मग शांत झाला आणि म्हणाला, त्या झुडपाचं नाव त्याला चांगलं ठाऊक आहे.

“मंग सांगलास काऊन नाई?”

“तोंडानं नाव काहाडलं का मुरी माती होते, बाबू. मंग ते कोनाले लागू पडत नाई. माज्या बापानंबी मले सांगलं नोवतं. मुरी हातावर ठेवली, नाव मले सपनात भेटलं.”

केशोरावांनी हात जोडले. साहेब विचारील तेव्हा भुरकमडा हेच नाव, एवढंच म्हण, बाकी काही नको.

“लबाडी मी करत नाई,” बिसराम म्हणाला. “सायबापुढं येईन मातर.”

साहेब आला तो सहा बैलगाड्या घेऊन. एकीत तो, पाचांत पुस्तकं. टोल्यावरच्या मोहाखाली टेबल मांडलं. कागदात दाबून वाळवलेलं झुडूप त्याने अलगद बाहेर काढलं आणि बिसरामला हिंदीत विचारलं, की याला तुम्ही काय म्हणता. बिसराम मोहाच्या शेंड्याकडे बघू लागला. केशोरावांच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला.

“तो भुरकमडा होय जी,” मागून आवाज आला. बिसरामची सून चमेली लेकरू कडेवर घेऊन उभी होती. “कालच याच्यासाठी बुढ्याले मांगला. पोट लागलं होतं ना याचं.”

मग आणखी दोघी-तिघी बोलल्या. भुरकमडा वढ्याकाठी भेटते, भुरकमडा पावसाआधी खनावं लागते. साहेब हरखून लिहीत सुटला. केशोराव चाट पडले. झालं होतं असं, की चार दिवसांत बिसरामने तो शब्द घरोघर नेऊन दिला होता. आजवर बायांना ते औषध हनुवटीने दाखवून मागावं लागे. आता खुशाल ओरडून मागता येईल, मुळीला काही धक्का नाही, असं नाव पहिल्यांदाच गावलं होतं. सगळ्या बोलत होत्या ते सोळा आणे खरं होतं.

इथेच थांबलं असतं तर बरं. पण साहेबाने एक कागद काढला. हा शब्द आमच्या वाडवडिलांपासून चालत आला आहे, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली अंगठा पाहिजे. केशोरावांनी वाचून दाखवलं. बिसरामने दोन्ही हात पाठीमागे नेले.

साहेबाने पुन्हा मागितला. मग त्याचा चेहरा लाल झाला. अंगठा द्यायला भीती कसली? हा म्हातारा खोटं सांगत असेल, तर त्याने सांगितलेली सगळीच नावं संशयाची, रजिस्टर रद्द करावं लागेल. बिसराम मान खाली घालून ऐकत होता. उभ्या आयुष्यात त्याला कुणी लबाड म्हटलं नव्हतं.

केशोराव टेबलासमोर आले.

“हुजूर, इसका अंगूठा मत लीजिए. वो लफ्ज मेरा है. मेरे ससुर का बैल है, भुरक्या. रकाना खाली था, मैंने बैल का नाम लिख दिया. बाकी दो सौ ग्यारह नाम इसके हैं और सच्चे हैं.”

 साहेब खुर्चीत रेलून खो खो हसला. अगदी मायेने त्याने समजावलं, की शब्दाचं मूळ लोकांच्या आठवणीतून गेलं म्हणजे ते कुठल्या तरी बैलाशी, राजाशी नाहीतर भुताशी जोडून देतात. त्याच्या देशातले खेडूत हेच करतात. शब्द जितका जुना, तितकी गोष्ट वेडगळ. त्याने वहीत टिपून घेतलं, की बैलाची दंतकथा इथे इतकी मुरली आहे, की कारकूनसुद्धा ती स्वतःवर घेतो. एवढा पुरावा मिळाल्यावर अंगठ्याची गरजच काय? कागद त्याने घडी करून खिशात टाकला. केशोरावांनी आणखी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. साहेबाने त्यांचा खांदा थोपटला, “भोला आदमी” म्हणाला, आणि असा साधा माणूस या कचेरीतून कधी हलवू नये, असा शेराही लिहिला.

सहाच्या सहा गाड्या धूळ उडवत गेल्या.

“नौकरी गेली असती तुजी. मंग बोललास काऊन गा बाबू?” बिसरामने विचारलं.

“माज्या लबाडीखाली तुजा अंगठा मांगून रायला होता तो.”

 बिसरामने चमेलीला खूण केली. तिने पानांच्या दोन पत्रावळी मांडल्या, कोदो या भरड धान्याचा भात वाढला, वर मासोळीचा रस्सा. इतक्या वर्षांत केशोरावांनी या टोल्यावर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. खबर संध्याकाळच्या आत घरी पोचेल आणि बायको जमुनाबाई उंबऱ्यातच आंघोळ घालील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चपला काढल्या, मांडी घातली आणि पत्रावळ पुढं ओढली.

“मीठ कमी आहे,” दोन घास झाल्यावर ते म्हणाले.

“तं मांगा ना,” चमेली म्हणाली. “तोंड नाई का तुमाले?”