पुंजाजी मिस्त्रींनी बुजवलेली भोकं

डोंगरकड्याजवळच्या ओढ्यावर निजामाच्या काळचा दगडी कमानींचा पूल होता. २००३ साली त्याची दुरुस्ती निघाली आणि मुकादमकी पुंजाजी मिस्त्रींच्या हाती आली. चुन्याचं काम जाणणारा आपल्यासारखा दुसरा नाही, असं पुंजाजींचं मत होतं. दुसऱ्या कुणाला विचारून ते पडताळायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

घोळ एवढाच, की पुलाचं पोट फुगवलं होतं ते पुंजाजींनीच.

नऊ वर्षांमागे डागडुजीला आले तेव्हा भिंतीत ओळीने भोकं दिसली. आतलं पाणी झिरपून जावं म्हणून जुन्या गवंड्यांनी ती ठेवलेली. पुंजाजींना वाटलं, निजामाचे गवंडी कामचुकार, शेवटचे चार दगड बसवायचे विसरले. त्यांनी एकूण एक भोक सिमेंटने बुजवलं, वर दगडाचा रंग चढवला. पाणी आत कोंडलं, दगड बाहेर सरकले.

आता दुरुस्तीवर आलेल्या इंजिनिअर राधिकाबाईंनी फुगलेली भिंत पाहून विचारलं, "भोकं बुजवायचा हा शहाणपणा कुणाचा?"

"असंल कुणी बाहीरगावचा," पुंजाजी म्हणाले. "आजकाल कुणीबी थापी धरून राहिलं, मॅडम."

"म्हणजे जुनी भोकं सापडणार नाहीत. मशीननं नवी पाडू. कमान तडकली तर तडकली."

तांड्यावरची मोतीबाई शेळ्या घेऊन तिथंच थांबली होती. "काहून घाम फुटला, मिस्त्री? सावलीत तर उभे हाव!"

मशीन घरघरलं. त्याचं टोक दगडाला टेकणार, तोच पुंजाजी आडवे आले.

"थांबा! म्याच बुजवली. डोळे झाकून दावतो कुठं कुठं हायत ते."

राधिकाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. आता मुकादम तुमच्या हाताखालचा खेमा होईल. तुम्ही छिन्नी घ्या."

पहिलं भोक फुटलं आणि गढूळ पाण्याची पिचकारी थेट पुंजाजींच्या तोंडावर आली.

"घ्या, नऊ वर्साचं तीर्थ!" मोतीबाई म्हणाली.

दुसऱ्या भोकाला ते बाजूला उभे राहिले. अक्कल आली होती; फक्त एका भोकानं उशिरा.

"किती बुजवली व्हती, मिस्त्री?" खेमानं नव्या मुकादमाच्या आवाजात विचारलं.

"बारा."

दिवस कलेपर्यंत चौदा निघाली. आपण निदान कामचुकार नव्हतो, एवढं समाधान मानून पुंजाजी पंधरावं चाचपू लागले.